आउटपुट आलं नाही

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि मी खोली रिकामी करून गावी आलो, तेव्हा एका पोत्यात तीसेक फायली होत्या. माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, या शाखेच्या चार वर्षांच्या जर्नल्स. माय म्हणाली, रद्दीत घाल. आप्पांनी घालू दिल्या नाहीत. ओसरीवर बसून त्यांनी एकेक फाइल काढली, फडक्यानं पुसली आणि पानं उलटत बसले. आप्पा सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षर बघता येतं. निळ्या शाईतलं ते सरळ रेषेतलं लिखाण, काळ्या पेनानं काढलेल्या चौकटी, प्रत्येक प्रॅक्टिकलखाली लाल सही. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “हाई सम्दं तुनंच शे का?”

हे सगळं तुझंच आहे का?

“अक्षर मनंच शे,” मी म्हणालो. अक्षर माझंच आहे.

आप्पांचं समाधान झालं. फायली माळ्यावर गेल्या, आजही तिथंच आहेत. या गोष्टीला सहा वर्षं झाली, आणि त्या तीन शब्दांच्या उत्तराचा मला अजून नीट निकाल लावता आलेला नाही. त्यासाठीच हा लेख.

ज्यांनी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलंय त्यांना पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. जर्नलच्या पहिल्या पानावर एक प्रमाणपत्र असतं. अमुक वर्गाच्या, अमुक रोल नंबरच्या विद्यार्थ्यानं या विषयाचं टर्मवर्क समाधानकारकरीत्या पूर्ण केलं आहे, असा त्याचा आशय. खाली सह्या. आत प्रत्येक प्रॅक्टिकलचा उद्देश, थिअरी, प्रोग्रॅम, आउटपुट आणि निष्कर्ष. निष्कर्ष नेहमी एकाच नमुन्याचा: अशा रीतीनं आम्ही अमुक गोष्टीचा अभ्यास केला. प्रत्यक्षात सेमिस्टर संपायच्या आठवड्यात ‘सबमिशन’ नावाचं पर्व सुरू होतं, एक फाइल कुठून तरी येते आणि सगळे ती ‘छापतात’. छापणे हा आमच्याकडचा शब्द. लिहिणे वेगळं, छापणे वेगळं. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटसाठी याचा आणखी एक प्रकार असतो: ग्लास ट्रेसिंग, म्हणजे ‘जीटी’. काच, काचेखाली बल्ब, वर दुसऱ्याची शीट आणि तिच्यावर आपली. कॉम्प्युटरसमोर बसण्यासाठी आलेली आयटीची पोरंही पहिल्या वर्षी खाटेखाली बल्ब लावून रात्रभर जीटी मारतात.

दुसऱ्या वर्षी मला एकदा गंमत दिसली. आमच्या डेटाबेसच्या फाइलीत आउटपुटचे स्क्रीनशॉट लावायचे होते. एकाच पेन ड्राइव्हमधून सगळ्यांनी प्रिंट काढल्या. त्या चित्रात वरच्या कोपऱ्यात फोल्डरचा पत्ता होता: सी ड्राइव्ह, यूजर्स आणि पुढे कुणाचं तरी नाव. आमच्या वर्गात त्या नावाचं कुणी नव्हतं. तीन-चार वर्षांपूर्वीचा कुणी सीनियर असावा. साठ जणांच्या फाइलीत साठ वेळा त्याचं नाव, आणि प्रत्येकाच्या शेजारी लाल सही. तो बिचारा आता कुठे असेल कोण जाणे, पण त्याचा लॅपटॉप आमच्या कॉलेजात अमर झाला होता.

हे आळसातून होत होतं असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. लॅबमधल्या निम्म्या मशीन बंद असायच्या. बॅच वीसची, वेळ दोन तास, त्यातला अर्धा तास लॉगिन होण्यात. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर, तेही दोन कॉलेजांत. त्यांना एका बॅचच्या नाही, साऱ्या वर्गाच्या फायलींवर पाच-सहाशे सह्या करायच्या होत्या. त्यांना माहीत होतं की आम्ही छापलंय. आम्हाला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही माहीत होतं, कारण त्यांच्या कॉलेजात हेच चालायचं. खानदेशातच असं आहे असंही नाही. पुण्यातल्या नामांकित कॉलेजातून आलेले माझे सहकारी हेच किस्से सांगतात, फक्त त्यांच्या जीटीच्या काचा जरा चांगल्या होत्या.

म्हणजे प्रश्न असा की, ज्या गोष्टीनं कुणीच फसत नाही, ते खोटं असतं का?

खोट्याची नेहमीची व्याख्या फसवण्याच्या हेतूवर उभी आहे. संत ऑगस्टीनपासून पाश्चात्त्य परंपरेत ती चालत आलीय. आपल्याकडे तर याचं जगातलं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना युधिष्ठिराचं वाक्य शब्दशः खरं होतं, पण द्रोण फसले, म्हणून जमिनीला न टेकणारा त्याचा रथ खाली आला. आमचं बरोबर उलटं होतं. वाक्य धडधडीत खोटं आणि फसलेला माणूस शून्य. मग रथ खाली यायचा की नाही?

थॉमस कार्सन या अमेरिकन तत्त्वज्ञानं नेमका असाच एक विद्यार्थी उभा केला आहे. तो कॉपी करताना पकडला गेलाय. पण तिथले डीन कबुली दिल्याशिवाय शिक्षा करत नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. डीनना खरं माहीत आहे, त्यांना माहीत आहे हे विद्यार्थ्याला माहीत आहे, आणि तरी तो तोंड वर करून सांगतो, मी कॉपी केली नाही. इथं फसवण्याचा हेतू नाही, तरी हे खोटंच आहे, असं कार्सन म्हणतो. कारण विद्यार्थ्यानं आपल्या शब्दाची हमी दिलीय. मला हे वाचताना पटलं, पण थोडं अडलंही. आमच्या जर्नलमध्ये हमी कोण देत होतं? प्रमाणपत्रावर आमची सही नसायची. सही सरांची, सरांच्या वर विभागप्रमुखांची, त्यांच्या वर प्राचार्यांची. जो तो खालच्याच्या भरवशावर सही करत होता, आणि सगळ्यात खाली, जिथं भरवसा सुरू व्हायला हवा, तिथं एक पेन ड्राइव्ह होता.

बचावाचा वकील इथं उठून म्हणेल की हा एक विधी आहे. ‘कसे आहात?’ला आपण ‘मजेत’ म्हणतो, तेव्हा पोट दुखत असलं तरी त्याला कुणी खोटं म्हणत नाही. फाइल म्हणजे इंजिनिअरिंगचं ‘मजेत’. सहासात वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. मला त्यातून बाहेर काढलं ते आमच्या वर्गातल्या एका मुलीनं, आणि तिला हे माहीतही नाही.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट. नेटवर्कच्या विषयात सॉकेट प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल होतं: दोन मशीन, एकीकडून संदेश पाठवायचा, दुसरीकडे तो दिसायला हवा. लॅबमध्ये ते कुणाचंच चाललं नव्हतं. आम्ही नेहमीप्रमाणे छापलं, आउटपुटसकट. तिनं छापलं नाही. तिनं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम उतरवला, आणि आउटपुटच्या जागी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ असा: आउटपुट आलं नाही, कनेक्शन नाकारलं जातंय, पोर्ट बदलून पाहिला, कारण समजलं नाही. खाली निष्कर्षाची जागा कोरी.

सरांनी फाइल परत केली. ओरडले नाहीत. थकल्या आवाजात एवढंच म्हणाले, “असं कसं चालेल? आउटपुट लावून आण.” ती जागेवर आली, माझ्याकडे फाइल मागितली, ते पान फाडलं, माझ्या पानावरचं आउटपुट उतरवलं. दहा मिनिटांत तिला सही मिळाली. तिचं फाडलेलं पान बाकावर पडून होतं. त्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये, साठ फाइलींत, घडलेलं जसंच्या तसं सांगणारं ते एकच पान होतं, आणि तेवढंच नापास झालं होतं.

‘मजेत’ आणि जर्नल यांतला फरक मला इथं दिसतो. ‘मजेत’ म्हणायची रीत असली तरी गरज पडली तर मी थांबून म्हणू शकतो, ‘खरं सांगू, बरं नाही.’ समोरचा दचकेल, पण ऐकेल. रीत मोडत नाही. जोवर एखाद्या विधीत खरं वाक्य उच्चारायची सोय शिल्लक असते, तोवर त्यातलं खोटं निरुपद्रवी म्हणता येईल. आमच्याकडे ती सोय नव्हती. ‘मला आलं नाही’ हे वाक्य लिहायला फाइलीत जागाच नव्हती. आणि शिकण्याची सुरुवात तर त्याच वाक्यापासून होते. शिक्षकाला ते दिसलं तर तो काही करू शकतो. कदाचित करणार नाही, वेळ नसेल, पण निदान दिसेल तरी. साठ जणांचं आउटपुट बरोबर आल्यावर लॅबमधल्या निम्म्या मशीन बंद आहेत हे तरी कुणाला कळणार? कागदावर त्या चालूच होत्या.

ती मुलगी पुढे काय करते हे मी लिहिणार नाही, तिची परवानगी घेतलेली नाही. पान मी उचललं नाही. उचललं असतं असं आता वाटतं.

यात नकलेला दोष देणं मात्र मला मान्य नाही. खानदेशात तर मुळीच नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा अध्याय. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. अक्षर गुरुजींचं, बोल विनोबांचे. पुढची गोष्ट तर माझ्या मार्कशीटवर आहे. मी २०१५मध्ये प्रवेश घेतला तेव्हा विद्यापीठाचं नाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. २०१८च्या ऑगस्टमध्ये त्यापुढे कवयित्री बहिणाबाई चौधरी हे नाव जोडलं गेलं. त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या गुणपत्रिकांवर एक नाव आणि शेवटच्यांवर दुसरं आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गात होत्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी काही गाणी उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापून आली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. ती गाणी आपल्या नावावर खपवणं त्यांना अवघड नव्हतं. अक्षर त्यांचंच होतं.

एका अक्षरही न लिहिलेल्या बाईच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी मला, पोतंभर अक्षर लिहिलेल्याला, मिळाली. तिला सगळं येत होतं आणि कागद नव्हता. माझ्याकडे कागदच कागद होता.

उतरवून घेणं हे हलकं काम नाही, हे सांगायचंय. माझा आजचा धंदाही त्यावरच चालतो. आम्ही रोज दुसऱ्यानं लिहिलेला कोड वापरतो, जगभरच्या लोकांनी फुकट दिलेल्या लायब्रऱ्या आपल्या प्रोग्रॅममध्ये ओढून घेतो. त्यावर लायसन्स असतं: वापर, बदल, पण मूळ कुणाचं ते पुसू नकोस. आणि कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी, ती कुणी, कोणत्या तारखेला लिहिली, हे एका कमांडमध्ये दिसतं. त्या कमांडचं नावच ‘ब्लेम’ आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जर्नलमधला तो सीनियर आठवला, ज्याचा लॅपटॉप आम्ही साठ जणांनी मिळून चालवला होता.

आता माझी गोष्ट. पुण्यातल्या एका कंपनीत पहिलीच नोकरी, काम कर्जाचे हप्ते वसूल करणाऱ्या प्रणालीचं. रिलीजच्या आधी एक शीट भरायची असे: दीडेकशे ओळी, प्रत्येक ओळीत एक परिस्थिती, शेवटच्या रकान्यात ‘पास’ किंवा ‘फेल’. रात्रीचे अकरा वाजले होते. एक ओळ अशी होती: हप्त्याची तारीख ३० किंवा ३१, आणि महिना फेब्रुवारी. ती तपासायची तर सर्व्हरची तारीख बदलावी लागे, त्यासाठी दुसऱ्या टीमला विचारावं लागे. मी कोड वाचला. बरोबर वाटला. रकान्यात ‘पास’ लिहिलं. लिहिताना मनात काहीही हललं नाही, हे मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं. चोरी करताना माणसाचा हात थोडा तरी थरथरतो. माझा थरथरला नाही, कारण चार वर्षं त्याला या हालचालीची सवय झाली होती. आउटपुटच्या जागी आउटपुट हवं असतं, ते मी लावलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी काही लोकांच्या खात्यातून हप्ता गेला, आणि १ मार्चला तोच हप्ता पुन्हा गेला. लोक फार नव्हते, पैसे आठवड्याभरात परत झाले. पण चूक शोधताना तक्रारींच्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकावं लागलं. एक बाई मराठीत सांगत होत्या की, त्याच खात्यातून उद्या पोराची फी भरायची होती. चिडल्या नव्हत्या. चूक त्यांचीच असावी अशा आवाजात विचारत होत्या, “माझ्याकडून दोनदा बटन दाबलं गेलं का?”

मॅनेजरनं मला विचारलं, “ही केस टेस्ट केली होतीस?”

“शीटमध्ये पास आहे,” मी म्हणालो.

अक्षर मनंच शे. तेच उत्तर, तीन वर्षांनी, दुसऱ्या भाषेत.

जर्नल भरताना आम्ही धरून चालत होतो की सगळ्यांना सगळं माहीत आहे. लॅबच्या चार भिंतींत ते खरंही होतं. पण कागद चार भिंतींत राहत नाही. तो माळ्यावर जातो, नोकरीच्या अर्जाला जोडला जातो. आणि वाटेत कुठंतरी त्याला असा माणूस भेटतो, जो या संकेतात सामील नाही, ज्याला ‘पास’चा अर्थ पासच वाटतो. माझ्या बाबतीत तो पहिला माणूस म्हणजे आप्पा. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो. विकास सोसायटीचं कर्ज थकलं, फी थकली नाही. आयटीवर त्यांचा विश्वास बसला होता त्याचं कारणही आमच्या भागातलंच: आमचं गाव पारोळा तालुक्यात, शेजारच्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि ज्यांनी तिचे शेअर जपले त्यांच्या गोष्टी आमच्याकडे अजून पारावर सांगतात. कॉम्प्युटर काय करतो हे माहीत नसताना आप्पांना त्यातला पैसा माहीत होता. मुलगा चार वर्षं काय करत होता, याचा त्यांच्याकडे एकच पुरावा होता. पोतं.

कुणीही फसत नाही, हे विधान मी इतकी वर्षं फसणाऱ्या माणसाला न मोजता करत होतो.

आता पोरं छापत नाहीत, असं ऐकतो. चॅटजीपीटीला सांगितलं की तो प्रोग्रॅमही देतो, आउटपुटही देतो आणि निष्कर्षही. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. तूर्त इतकंच दिसतं की ‘मला आलं नाही’ लिहायला जागा त्याच्यातही कुणी ठेवलेली नाही.

गेल्या वर्षी कंपनीनं मला मुलाखती घ्यायला खानदेशात पाठवलं. दोन दिवस, एका कॉलेजात, आजूबाजूच्या पाच-सहा कॉलेजांची पोरं. मला वाटलं, आपण वेगळं विचारू. प्रत्येकाला शेवटी एक प्रश्न केला: तुझा न चाललेला एखादा प्रोग्रॅम सांग. बहुतेकांना प्रश्नच कळला नाही. सगळे चालले सर, म्हणाले. एकानं प्रोजेक्ट पाठ करून आणला होता, तो अडखळता अडखळता का होईना, पण पूर्ण म्हणून गेला.

दुपारी एक मुलगा आला. चोपड्याकडचा. इस्त्रीचा शर्ट, बाहीची घडी तशीच. प्रश्न ऐकून तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, खरं सांगू? नेटवर्कचं प्रॅक्टिकल. फाइलीत आलंय. पण चाललं नव्हतं.” मी विचारलं, का चाललं नाही? त्याला सांगता आलं नाही. मी एक धागा दिला, तरी पुढे जाता आलं नाही. दुसरा दिला, तरीही. त्याला खरोखरच येत नव्हतं.

माझ्यासमोर फॉर्म होता. तांत्रिक ज्ञान, तर्क, संवादकौशल्य, पाचपैकी गुण. मी तांत्रिक ज्ञानात दोन लिहिले, जे बरोबर होते. पाठ करून आलेल्याला मी साडेतीन दिले होते, तेही फॉर्मच्या हिशेबानं बरोबर होते. पुढच्या फेरीसाठी तीन लागतात.

तो उठला, खुर्ची आत सरकवली, आणि दारात थांबून विचारलं, “सर, निकाल कधी कळेल? म्हणजे संध्याकाळच्या एसटीनं जायचं की थांबायचं?”

“एचआर मेल करेल,” मी म्हणालो.